झोपणे, निजणे आणि ‘आकोस्तार्से’
वाचकांचे प्रश्न : स्पॅनिशमधील झोपेची क्रियापदे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे स्पॅनिशविषयी जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे झोपेभोवती फिरणारी होती. निजायला जाणे, झोप लागणे, जाग येणे, उठणे या रोजच्या क्रिया पहिल्याच वर्षी शिकवल्या जातात आणि पुढे कित्येक वर्षे चुकत राहतात. माझे मत असे आहे की, मराठी विद्यार्थी येथे अडतो तो स्पॅनिश कठीण आहे म्हणून नव्हे, तर तो मराठीतून आधी इंग्रजीत जातो आणि तेथून स्पॅनिशमध्ये उतरतो म्हणून. या विषयात इंग्रजीचा वळसा टाळला, तर मराठीच बहुतेक ठिकाणी आपल्याला थेट दारापर्यंत नेऊन सोडते. पुढील उत्तरे याच दृष्टीने लिहिली आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतील प्रचलित पद्धतीने दिले आहेत. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य असतात, म्हणून ते देवनागरीत लिहिताना कोणताही अडथळा येत नाही.

प्रश्न : ‘मी दहा वाजता झोपतो’ याचे भाषांतर मी ‘द्वेर्मो आ लास दिएस’ असे केले. शिक्षिकांनी ते खोडून ‘मे आक्वेस्तो आ लास दिएस’ असे लिहिले. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे, मग माझे काय चुकले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चूक आपल्या स्पॅनिशमध्ये नाही, आजच्या मराठीतील ‘झोपणे’ या क्रियापदाच्या सैलपणात आहे. आपण अंथरुणावर आडवे होण्याला झोपणे म्हणतो, प्रत्यक्ष झोप लागण्याला झोपणे म्हणतो आणि रात्रभर झोपेत असण्यालाही झोपणेच म्हणतो. स्पॅनिश या तिन्हींसाठी तीन वेगळी रूपे वापरते. ‘आकोस्तार्से’ म्हणजे निजायला जाणे, अंथरुणावर अंग टाकणे. ‘दोर्मीर्से’ म्हणजे जागेपणातून झोपेत जाण्याचा तो क्षण. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपेत असणे. त्यामुळे घड्याळातील वेळ सांगायची असेल तेव्हा ‘आकोस्तार्से’ हवे आणि किती वेळ झोपलो ते सांगायचे असेल तेव्हा ‘दोर्मीर’ हवे. ‘द्वेर्मो ओचो ओरास’, म्हणजे मी आठ तास झोपतो, हे वाक्य निर्दोष आहे. ‘द्वेर्मो आ लास दिएस’ मात्र स्पॅनिश कानाला दहाच्या ठोक्याला मी झोपेत असतो, असे काहीसे ऐकू येते.

आता एक वाक्य पाहा : ‘मे आकोस्ते आ लास दिएस, पेरो नो मे दोर्मी आस्ता लास दोसे.’ हे मराठीत आणताना ‘मी दहाला झोपलो, पण बारापर्यंत झोपलो नाही’ असे म्हटले तर ऐकणारा गोंधळेल. पण आपल्या आजीने हेच कसे सांगितले असते? ‘दहाला निजले, पण बारापर्यंत डोळा लागला नाही.’ निजणे आणि डोळा लागणे हा भेद मराठीत पूर्वीपासून आहे, केवळ शहरी बोलण्यातून ‘निजणे’ मागे पडल्यामुळे तो आपल्याला परका वाटू लागला आहे. ‘निजानीज झाली’ हा आपला प्रयोगही पाहण्यासारखा आहे. घरातली सगळी माणसे गाढ झोपली आहेत असा त्याचा अर्थ नसतो, सगळी आपापल्या अंथरुणावर गेली आहेत इतकाच असतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, वहीत ‘आकोस्तार्से’समोर ‘झोपणे’ लिहू नका, ‘निजणे’ लिहा. एवढ्या एका बदलाने निम्म्या चुका थांबतात, हा माझा वर्गातील अनुभव आहे.

‘आकोस्तार्से’च्या घडणीबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण ते मला फार आवडते. त्याच्या पोटात लॅटिनमधील ‘कोस्ता’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ बरगडी, शरीराची बाजू. म्हणजे मूळ कल्पना कुशीवर कलण्याची आहे. आपण कूस बदलतो, कुशीत घेतो, आणि जेवणानंतर डाव्या कुशीवर पडण्याला वामकुक्षी म्हणतो. त्या ‘कुक्षी’तूनच मराठीला ‘कूस’ मिळाली. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना आडवे होण्यासाठी शरीराची तीच बाजू आठवावी, हे मला आजही नवलाचे वाटते.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात ‘से’ लागलेल्या क्रियापदांना ‘स्वतःला’ असा अर्थ दिला आहे. मी स्वतःला झोपवतो, मी स्वतःला उठवतो, असे कोण बोलते? हा ‘से’ कधी लावायचा आणि कधी नाही? (पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आपली शंका अगदी योग्य आहे. ‘स्वतःला’ हे स्पष्टीकरण व्याकरणाच्या सांगाड्यापुरते खरे असले, तरी बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसते. मराठी विद्यार्थ्यासाठी याहून चांगली किल्ली आपल्याच व्याकरणात आहे.

मराठीत मूळ क्रियापद अकर्मक असते आणि त्याला ‘व’ जोडून आपण प्रयोजक रूप करतो : निजणे, निजवणे, उठणे, उठवणे. स्पॅनिशमध्ये प्रवास उलट दिशेने होतो. तेथे ‘आकोस्तार’ म्हणजे निजवणे, ‘लेवान्तार’ म्हणजे उचलणे किंवा उठवणे, ‘देस्पेर्तार’ म्हणजे जागे करणे, हीच मूळ रूपे आहेत, आणि त्यांना ‘से’ लावून निजणे, उठणे, जागे होणे ही रूपे सिद्ध होतात. म्हणून वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. तेथे ‘व’ आला, तर स्पॅनिशमध्ये ‘से’ नको. मराठीत ‘व’ नसेल, तर ‘से’ हवा. ‘आई मुलांना नऊ वाजता निजवते’ म्हणजे ‘ला माद्रे आक्वेस्ता आ लोस नीन्योस आ लास न्वेवे’, आणि ‘मुले नऊ वाजता निजतात’ म्हणजे ‘लोस नीन्योस से आक्वेस्तान आ लास न्वेवे’. मग हा ‘से’ व्यक्तीनुसार बदलतो : मी असेन तर ‘मे’, तू असशील तर ‘ते’, आम्ही असू तर ‘नोस’.

ओघात हेही सांगतो की, ‘देस्पेर्तार्से’ म्हणजे जाग येणे आणि ‘लेवान्तार्से’ म्हणजे अंथरुणातून उठणे. ‘मला सहाला जाग आली, पण उठलो सातला’ हे वाक्य मराठीत जितके सरळ आहे, तितकेच स्पॅनिशमध्येही आहे : ‘मे देस्पेर्ते आ लास सेइस, पेरो मे लेवान्ते आ लास सिएते.’

‘दोर्मीर’ मात्र या चौकटीत बसत नाही, आणि बहुधा आपली खरी अडचण तेथेच असावी. ‘दोर्मीर’ मुळातच अकर्मक आहे, त्याला ‘से’ लागतो तो वेगळ्या कारणासाठी. येथे ‘से’ क्रियेचा उंबरठा दाखवतो. मराठीत हेच काम ‘जाणे’ आणि ‘टाकणे’ ही साहाय्यक क्रियापदे करतात. ‘ईर’ म्हणजे जाणे, तर ‘ईर्से’ म्हणजे निघून जाणे. ‘मोरीर’ म्हणजे मरणे, तर ‘मोरीर्से’ म्हणजे मरून जाणे. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, तर ‘कोमेर्से’ म्हणजे खाऊन टाकणे. त्याच रांगेत ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे आणि ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोपी जाणे. इंग्रजीतून शिकवताना या जागी पानभर खुलासा द्यावा लागतो. मराठी माणसाला ‘झोपी जाणे’ एवढे सांगितले की पुरते.

यात आणखी एक रूप जोडून घ्या : ‘केदार्से दोर्मीदो’. ‘केदार्से’ म्हणजे राहणे. नकळत डोळा लागला, पुस्तक वाचता वाचता झोप लागली, असे सांगायचे असेल तेव्हा हे रूप फार येते. याच रूपाचा दुसरा अर्थ उठायच्या वेळेनंतरही झोपून राहणे असा आहे. ‘मे केदे दोर्मीदो इ पेर्दी एल त्रेन’, म्हणजे मी झोपून राहिलो आणि गाडी चुकली. ‘राहिलो’ हा मराठी शब्द तेथे जसाच्या तसा उभा आहे. बोलणारी स्त्री असेल तर ‘दोर्मीदा’ म्हणावे, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : ‘स्वेन्यो’ या शब्दाचा अर्थ झोप की स्वप्न? शब्दकोशात दोन्ही दिले आहेत. मग वाक्यात काय समजायचे? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : दोन्ही, आणि या एका शब्दात जितका इतिहास साठला आहे तितका या विषयातील दुसऱ्या कोणत्याही शब्दात नाही, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

लॅटिनमध्ये झोपेसाठी ‘सोम्नुस’ आणि स्वप्नासाठी ‘सोम्नियुम’ असे दोन शब्द होते. बोलीतून स्पॅनिश घडत असताना दोघांचेही उच्चार झिजून ‘स्वेन्यो’ या एकाच ठिकाणी येऊन थांबले. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये तसे झाले नाही. तेथे आजही झोप म्हणजे ‘सोनु’ आणि स्वप्न म्हणजे ‘सोन्यु’. बार्सिलोनाच्या परिसरातील कातालान भाषा तर झोपेचे आणखी बारीक विभाजन करते : ‘सोन’ हा शब्द पुल्लिंगी असेल तर झोप आणि स्त्रीलिंगी असेल तर झोपेची इच्छा, ज्याला आपण ‘डोळ्यांवर झोप’ म्हणतो.

लॅटिनमधील ‘सोम्नुस’ आणि संस्कृतमधील ‘स्वप्न’ हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाचे शब्द आहेत, आणि संस्कृतमध्येही ‘स्वप्न’ या शब्दाला झोप आणि स्वप्न असे दोन्ही अर्थ आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायातील सतराव्या श्लोकात ‘युक्तस्वप्नावबोधस्य’ असा शब्द येतो. तेथे ‘स्वप्न’ म्हणजे झोप आणि ‘अवबोध’ म्हणजे जागेपण. ज्याचे झोपणे आणि जागणे प्रमाणात आहे, असा तो माणूस. मराठीने हा शब्द घेताना केवळ दुसरा अर्थ ठेवला आणि झोपेसाठी वेगळे शब्द वापरले. म्हणजे ‘स्वेन्यो’चे जे दुहेरीपण आपल्याला विचित्र वाटते, ते आपल्याच घरातील जुन्या शब्दातही होते.

वाक्यात अर्थ कसा ओळखायचा, ते सांगतो. ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणे, या क्रियापदाबरोबर एकवचनी ‘स्वेन्यो’ आला आणि त्यामागे उपपद नसेल, तर तो झोपेचा अर्थ : ‘तेन्गो स्वेन्यो’, म्हणजे मला झोप येत आहे. ‘उन स्वेन्यो’, ‘मिस स्वेन्योस’ अशी रूपे आली की बहुधा स्वप्ने. स्वप्न पाहणे यासाठी ‘सोन्यार’ हे क्रियापद आहे. त्याचे ‘मी स्वप्न पाहतो’ हे रूपही ‘स्वेन्यो’च होते, त्यामुळे एकाच ध्वनीला तीन कामे करावी लागतात. ‘सोन्यार’बरोबर ‘कोन’ हे शब्दयोगी अव्यय येते, ज्याचा एरवीचा अर्थ ‘बरोबर’ असा आहे. आईचे स्वप्न पडले, हे ‘सोन्ये कोन मी माद्रे’. येथे मराठीची मदत होत नाही. हे पाठच करावे लागते.

कधी कधी संदर्भ असूनही निर्णय होत नाही. चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांनी १७९९ मध्ये ‘लोस काप्रीचोस’ ही मुद्राचित्रांची मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील ४३ व्या चित्रात एक माणूस मेजावर डोके टेकून झोपला आहे आणि त्याच्या मागून घुबडे व वटवाघळे झेपावत आहेत. मेजाच्या बाजूवर शब्द आहेत : ‘एल स्वेन्यो दे ला रासोन प्रोदुसे मोन्स्त्रुओस’. विवेकाच्या झोपेतून राक्षस जन्मतात, असा याचा अर्थ करायचा की विवेकाच्या स्वप्नातून? पहिल्या अर्थी विवेक निजला म्हणून अनर्थ होतो, दुसऱ्या अर्थी विवेकाच्या स्वतःच्याच स्वप्नांतून अनर्थ निपजतो. दोन्ही वाचने आजवर झाली आहेत. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र एक बाजू निवडावीच लागते. मी स्वतः ‘झोप’ निवडेन, कारण चित्रातील माणूस आधी झोपलेला दिसतो. पण ती निवड करताना मूळ शब्दाचा अर्धा अर्थ हातातून सुटतो, हे मला जाणवत राहते.

प्रश्न : मराठीत झोप ‘येते’, स्पॅनिशमध्ये झोप ‘जवळ असते’. आपल्या पद्धतीने बोलण्याची काही सोय आहे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : आहे, आणि ती पुस्तकांत उशिरा शिकवली जाते याचे मला वाईट वाटते. ‘मे एन्त्रा स्वेन्यो’ म्हणजे शब्दशः माझ्यात झोप शिरते; ‘मे दा स्वेन्यो’ म्हणजे अमुक गोष्टीने मला झोप येते. ‘से मे कितो एल स्वेन्यो’ म्हणजे माझी झोप उडाली. पहिल्या आणि तिसऱ्या रचनेत झोप ही कर्ता आहे, आणि तिन्हींत माणूस ‘मला’च्या जागी आहे, अगदी आपल्यासारखा. एखाद्या गोष्टीची काळजी वाटत नाही हे सांगताना ‘एसो नो मे कीता एल स्वेन्यो’ म्हणतात : त्याने माझी झोप उडत नाही. पाय बधिर झाला तर ‘से मे दुर्मियो एल पिए’, म्हणजे माझा पाय झोपला, आणि त्यानंतर जे होते त्याला ‘ओर्मिगेओ’ म्हणतात. ‘ओर्मीगा’ म्हणजे मुंगी. आपल्या पायाला मुंग्या येतात, त्यांच्याही येतात.

प्रश्न : ‘तो झोपला आहे’ यासाठी ‘एस्ता दुर्मियेन्दो’ बरोबर की ‘एस्ता दोर्मीदो’? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात क्रिया चालू असल्याचा भाव आहे, दुसऱ्यात अवस्थेचा. ‘झोपला आहे’ या मराठी रूपाला ‘एस्ता दोर्मीदो’ अधिक जवळचे आहे. मात्र ‘आडवा पडला आहे’ असे म्हणायचे असेल तेव्हा पर्याय नाही : ‘एस्ता आकोस्तादो’ असेच म्हणावे लागते. इंग्रजीच्या वळणाने ‘एस्ता आकोस्तान्दोसे’ म्हटले, तर तो या क्षणी आडवा होत आहे, असा अर्थ होतो. ‘बसला आहे’ म्हणजे ‘एस्ता सेन्तादो’, हेही त्याच न्यायाने. आपण ‘तो खुर्चीवर बसत आहे’ असे बसलेल्या माणसाविषयी म्हणत नाही, तसेच तेही म्हणत नाहीत.

प्रश्न : ‘दोर्मीर’ची रूपे पाठ होत नाहीत. कधी ‘द्वेर’, कधी ‘दोर’, कधी ‘दुर’. यामागे काही नियम आहे का? (अकरावीतील विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नियम आहे, आणि तो आघाताचा आहे. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर आघात पडला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘वे’ झाला आणि आघात पुढे सरकला की ‘ओ’ टिकला. म्हणून वर्तमानकाळात ‘द्वेर्मो’, ‘द्वेर्मेस’, ‘द्वेर्मे’, ‘द्वेर्मेन’. पण ‘आम्ही झोपतो’ म्हणताना आघात ‘मी’वर जातो आणि रूप ‘दोर्मीमोस’ होते. ‘सोम्नुस’चा ‘स्वेन्यो’ झाला तोही याच कारणाने, आणि ‘आकोस्तार’चे ‘आक्वेस्तो’ही. मराठीत ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाचा’ असे आपण न शिकताच म्हणतो. शब्द पुढे वाढला की मागचा स्वर बदलतो, ही गोष्ट आपल्या जिभेला नवी नाही.

‘दुर’ची गोष्ट वेगळी. पुढे ‘इयो’, ‘इये’ असा जोडस्वर आला की मागचा ‘ओ’ आणखी वर सरकून ‘उ’ होतो : ‘दुर्मियो’ म्हणजे तो झोपला, ‘दुर्मियेरोन’ म्हणजे ते झोपले, ‘दुर्मियेन्दो’ म्हणजे झोपत. पण ‘मी झोपलो’ हे ‘दोर्मी’च राहते. ‘ओ’चा ‘वे’ही होतो आणि ‘उ’ही होतो, अशी संपूर्ण चाल स्पॅनिशमध्ये केवळ दोनच क्रियापदांची आहे, त्यांची साधित रूपे सोडली तर. एक ‘दोर्मीर’, दुसरे ‘मोरीर’, म्हणजे मरणे. एकाची रूपे आली की दुसऱ्याची आपोआप येतात : ‘दुर्मियो’, ‘मुरियो’. फक्त भूतकालवाचक धातुसाधितात ती वेगळी होतात. झोपलेला तो ‘दोर्मीदो’, मेलेला तो ‘म्वेर्तो’.

प्रश्न : मराठीतील ‘डोळ्याला डोळा लागला नाही’ यासारखे वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये आहेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण निवडलेल्या वाक्प्रचाराला तर जवळजवळ जुळा भाऊ आहे. ‘नो पेगार ओखो’ : ‘पेगार’ म्हणजे चिकटवणे, ‘ओखो’ म्हणजे डोळा. ‘नो पेगे ओखो एन तोदा ला नोचे’, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तशी रात्र कोरी गेली असेही म्हणतात, ‘पासार ला नोचे एन ब्लान्को’, म्हणजे पांढऱ्यात रात्र काढणे. किंवा ‘एन वेला’, म्हणजे जागरणात. हा ‘वेला’ ज्या ‘वेलार’ या क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ जागे राहून राखण करणे. मेणबत्तीला ‘वेला’ म्हणतात ती त्याच शब्दातून, कारण जागणाऱ्याजवळ ती जळत असे. मृतदेहाजवळ रात्र जागवण्याला लॅटिन अमेरिकेत ‘वेलोरियो’ म्हणतात.

याच कुळातील ‘देस्वेलार्से’ हे क्रियापद प्रदेशानुसार बदलते. मेक्सिकोत ‘मे देस्वेले’ म्हटले की रात्री उशिरापर्यंत जागलो, जागरण झाले, एवढाच अर्थ होतो. स्पेनमध्ये मात्र झोप उडाली आणि पुन्हा लागेना, असा अर्थ प्रथम मनात येतो. जाणूनबुजून जागरण करण्याला तेथे ‘त्रास्नोचार’ म्हणतात. नोचे म्हणजे रात्र आणि ‘त्रास’ म्हणजे पलीकडे, अशी त्याची फोड आहे. मराठीतील ‘त्रास’शी त्याचा संबंध नाही. उलट बाजूला ‘माद्रुगार’, म्हणजे पहाटे उठणे. त्यावरून ‘माद्रुगादा’ ही वेळ, पण ती आपल्या पहाटेहून मोठी आहे, कारण मध्यरात्र उलटली की ‘माद्रुगादा’ सुरू होते. रात्री दोनला स्पॅनिश माणूस ‘लास दोस दे ला माद्रुगादा’ म्हणतो, तेव्हा त्याचे भाषांतर ‘पहाटे दोन’ असे करू नये.

लवकर उठण्याविषयी त्यांच्या दोन म्हणी परस्परविरुद्ध आहेत. ‘आ क्येन माद्रुगा, दिओस ले आयुदा’, म्हणजे पहाटे उठणाऱ्याला देव साहाय्य करतो. आणि ‘नो पोर मुचो माद्रुगार आमानेसे मास तेम्प्रानो’, म्हणजे कितीही लवकर उठले तरी सूर्य लवकर उगवत नाही. दुसरी ऐकली की आपल्या कोंबड्याची म्हण आठवते, पण अर्थ उलटा आहे. आपली म्हण कोंबडे झाकणाऱ्याला उद्देशून आहे, त्यांची उतावळ्याला.

गाढ झोपेसाठी ‘दोर्मीर कोमो उन त्रोन्को’, ओंडक्यासारखे झोपणे, हे सर्वत्र चालते. ‘आ पियेर्ना स्वेल्ता’ म्हणजे पाय मोकळे सोडून, आपल्या ‘ताणून देणे’च्या अगदी जवळचे. झोप लागणे यासाठी लेखी भाषेत ‘कोन्सिलियार एल स्वेन्यो’ येते. ‘कोन्सिलियार’मध्ये मन जिंकणे, अनुकूल करून घेणे असा भाव आहे, आणि तो वाचताना मला आपली निद्रादेवीची आराधना आठवते. फरक इतकाच की, आपल्या आराधनेत देवी अद्याप प्रसन्न झालेली नसते, ‘कोन्सिलियार’मध्ये ती झालेली असते, म्हणून ते बहुतेक वेळा नकारात आणि ‘शकणे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर येते.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून स्पेनमध्ये राहते. ‘बहिणीबरोबर एका खोलीत झोपले’ हे मी ‘मे आकोस्ते कोन मी एर्माना’ असे सांगितले आणि समोरचे लोक एकदम गप्प झाले. कोणीच कारण सांगितले नाही. (एक वाचक, बार्सिलोना)

उत्तर : कारण असे की, ‘आकोस्तार्से कोन’ याचा रूढ अर्थ शरीरसंबंध ठेवणे असा आहे. आपल्याकडे ‘झोपणे’ याला संदर्भाने तसा अर्थ येऊ शकतो, पण घरातील नात्यांच्या बाबतीत तो कोणाच्या मनात येत नाही. स्पॅनिशमध्ये ‘कोन’ जोडला की तो अर्थ प्रथम येतो. आपण ‘दोर्मी एन एल मीस्मो क्वार्तो के मी एर्माना’, म्हणजे बहिणीच्याच खोलीत झोपले, किंवा ‘कोम्पार्ती क्वार्तो’, म्हणजे खोली वाटून घेतली, असे म्हणावे. समोरच्यांना आपला अर्थ पुढच्या क्षणी कळला असणार, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. ही सूचना पहिल्याच महिन्यात द्यायला हवी. ती संकोचापोटी दिली जात नाही आणि मग आपल्यासारख्यांना असे क्षण सोसावे लागतात.

निरोपाचे शब्द आपण विचारले नाहीत, तरी सांगून ठेवतो. ‘ब्वेनास नोचेस’ हे ‘शुभ रात्री’सारखे केवळ निरोपाचे नाही, अंधार पडल्यावर कोणाच्या घरी पोचल्यावरही तेच म्हणतात. निजायला जाणाऱ्याला ‘के देस्कान्सेस’ म्हणावे, आणि वडीलधाऱ्या किंवा अपरिचित व्यक्तीला ‘के देस्कान्से’. याचा शब्दशः अर्थ विश्रांती मिळो, असा आहे. आपल्या ‘मिळो’, ‘होवो’ या रूपांत जो सदिच्छेचा स्वर आहे, तोच त्या ‘के’मध्ये आहे. लहान मुलांना ‘के स्वेन्येस कोन लोस आन्खेलीतोस’ म्हणतात, म्हणजे तुझ्या स्वप्नात छोटे देवदूत येवोत.

प्रश्न : आमच्या घरी आजोबा पोर्तुगीज बोलत. मी आता स्पॅनिश शिकतो आहे. ‘सिएस्ता’ हा शब्द मूळ कोठला आणि आपल्या दुपारच्या झोपेशी त्याचा काही संबंध आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘सिएस्ता’ हा लॅटिनमधील ‘सेक्स्ता’, म्हणजे सहावी, या शब्दातून आला. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस बारा भागांत मोजत, त्यामुळे सहावा भाग माध्यान्हीजवळ येई. स्पॅनिशमध्ये हा शब्द आधी माध्यान्हीनंतरच्या कडक उन्हाच्या वेळेचे नाव होता आणि त्या वेळी घेतलेल्या झोपेलाही तेच नाव मिळाले. आपला ‘दुपार’ हा शब्दही असाच गणनेतून आला आहे, ‘द्विप्रहर’, म्हणजे दुसरा प्रहर. म्हणून ‘दोर्मीर ला सिएस्ता’ या प्रयोगात शब्दशः ‘दुपार झोपणे’ आहे. जेवणाआधीच घेतलेल्या डुलकीला ‘सिएस्ता देल कार्नेरो’, म्हणजे मेंढ्याची दुपार, असे स्वतंत्र नाव आहे. बसल्या बसल्या पेंगण्याला ‘दार काबेसादास’ म्हणतात. ‘काबेसा’ म्हणजे डोके, ते पुढे झुकत राहते म्हणून.

गोव्यात दुपारी दुकाने बंद होतात आणि त्या निवांतपणाला सगळे ‘सुसेगाद’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादु’चा आहे आणि स्पॅनिशमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘सोसेगादो’, म्हणजे शांत, स्वस्थ. आजोबांच्या पोर्तुगीजमुळे आपल्याला बरेच शब्द ओळखीचे वाटतील, पण दोन ठिकाणी सावध राहा. पोर्तुगीजमध्ये निजायला जाणे हे ‘देइतार-से’ आहे, स्पॅनिशमध्ये ‘आकोस्तार्से’. आणि झोप व स्वप्न यांचे जे दोन शब्द आजोबा वेगळे ठेवत, ते येथे एकच होतात.

आपल्या किनाऱ्याशी संबंध असलेले दोन शब्द मात्र स्पॅनिश शयनगृहात आजही आहेत. घडीच्या किंवा साध्या हलक्या खाटेला स्पॅनिशमध्ये ‘कात्रे’ म्हणतात. तो पोर्तुगीजमधून गेला, आणि पोर्तुगीजांनी तो दक्षिण भारतातील ‘कट्टिल’ या द्राविडी शब्दावरून उचलला होता. दुसरा शब्द ‘पिखामा’. फारसीतील पाय आणि जामा, म्हणजे वस्त्र, मिळून झालेला पायजमा हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला आणि तेथून स्पॅनिशमध्ये पोचला. आपला पायजमा दिवसा सदऱ्याखाली नेसला जातो, स्पॅनिशमधील मात्र केवळ झोपताना घालायचा राहिला. स्पेनमध्ये त्याला पुल्लिंगी ‘एल पिखामा’ म्हणतात, मेक्सिकोत स्त्रीलिंगी ‘ला पियामा’. उच्चार कोणता शिकावा, असे आपण पुढे विचाराल, म्हणून आताच सांगतो : ज्या देशातील माणसांशी आपले बोलणे होणार असेल, त्यांचा घ्यावा.